आमेनपर्यंत दार नाही

सलोमीबाई अंभोरे यांनी ती गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. फक्त देवाला सांगितली होती. आता देवाला सांगताना हातातला फोन चालू होता आणि फोनच्या पलीकडे अमरावती-अकोल्याची वीसेक घरं डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसली होती, यात बाईंचा काय दोष? असं बाईंचं म्हणणं. निदान पहिले काही दिवस तरी बाई हेच म्हणत होत्या, आणि ऐकायला कोणी नसलं तर कूलरला सांगत होत्या.

गोष्ट एवढीच होती, की अकोल्याच्या सुनेला दिवस गेले होते.

पण एवढ्याशा गोष्टीचा एवढा बोभाटा कसा झाला, ते कळायला आधी बाई कळायला पाहिजेत.

अमरावतीत कॅम्पाच्या पलीकडच्या एका गल्लीत बाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. गल्ली त्यांना मॅट्रनबाई म्हणते, कारण उभा जन्म त्यांनी अकोल्याच्या एका मुलींच्या बोर्डिंगात मॅट्रन म्हणून काढला. नवरा यशवंतराव दवाखान्यात कंपाउंडर होते. मोठा शांत माणूस. बाई बोलत आणि ते हार्मोनियम पुसत बसत. ते प्रभूकडे गेले, बाई रिटायर झाल्या, मुलगा शमुवेल अकोल्यातच एका लॅबमध्ये लागला आणि बाई माहेरच्या या घरात येऊन राहिल्या. बोर्डिंग मागे राहिलं, पण अंगातली मॅट्रन काही मागे राहिली नाही. दूधवाला उशिरा आला तर गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याला जाब विचारणार. शेजारच्या बंडूच्या फटफटीचा आवाज बदलला तर बंडूच्या आधी बाईंना कळणार. आणि बसणं म्हणून नाही. जेवण उभ्यानं, चहा चालता चालता, भाजी निवडायची तीही ओट्यापासून फाटकापर्यंत येरझारा घालत. बाईंना खुर्चीत टेकलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस गल्लीत निघाला, तर त्याचे डोळे तपासून घ्यावे लागतील.

बोर्डिंगातला एक नियम बाईंनी जसाच्या तसा अमरावतीला आणला होता. प्रार्थनेची घंटा झाली की दार बंद. उशीर झालेली मुलगी, मग ती कोणाची का असेना, बाहेर ओसरीवर उभी. ‘आमेनपर्यंत दार नाही.’ इथे आल्यावर घंटा गेली, पण संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी फाटकाची कडी आतून लागायची आणि बेलचं बटण बंद व्हायचं. शमुवेलचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात नवी सून कृपा कोथिंबीर आणायला चौकात गेली आणि येईपर्यंत आत प्रार्थना सुरू झाली. पोरगी कोथिंबिरीची जुडी हातात धरून फाटकाबाहेर उभी. आत शमुवेल एक डोळा उघडून बाहेर पाहतोय, पण उठायची छाती नाही. आमेन झालं तेव्हा जुडी सुकली होती. कृपा मात्र हसत आत आली. म्हणाली, “मम्मी, बोर्डिंगात राहायचं हुकलं होतं माझं, तेही झालं.”

तेव्हा हसली होती. म्हणून आता जास्त लागतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे चर्चची मंडळी कबरस्तानात मेणबत्त्या लावते, ‘प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे’ म्हणत घरी येते, शेवयांची खीर खाते, आणि दुसऱ्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत रोज संध्याकाळी शास्त्रवाचन करते. पूर्वी हे वाचन घरोघरी फिरायचं. लॉकडाउनात ते फोनवर गेलं. लॉकडाउन उठलं तरी फोनवरच राहिलं, कारण फोनवर आलेल्यांना पोहे करावे लागत नाहीत. एकाने उतारा वाचायचा, पाळक उमाळे दोन शब्द बोलणार, म्हणजे वीसेक मिनिटं बोलणार, आणि मग कोणीतरी मोकळी प्रार्थना करायची. मोकळी म्हणजे छापील नव्हे, मनात येईल तशी.

बाईंच्या मोकळ्या प्रार्थनेची तर मंडळी वाट पाहायची. माणसांशी बाई वऱ्हाडीत बोलतात, पण देवाशी एकदम पुस्तकी. “हे दयाळू स्वर्गीय पित्या,” अशी सुरुवात झाली की पुढे, “तुला तर माहीतच आहे, प्रभू,” हे ठरलेलं. आणि त्यापुढे देवाला जे माहीतच आहे ते सगळं तपशीलवार. “आमच्या दाविदभाऊंना आरोग्य दे. तुला तर माहीतच आहे, प्रभू, की डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली आहे आणि ते चौकातल्या हॉटेलात मागच्या बाजूला बसून जिलबी खातात.” इकडे दाविदभाऊ डोळे मिटल्या मिटल्या कपाळावरचा घाम पुसत. कोणाच्या पोराला कोणती मुलगी नाकारून गेली, कोणाच्या दिराशी वाटणीवरून बिनसलं, सगळं देवाच्या कानावर जायचं आणि वाटेत वीस घरांत थांबत जायचं. अकोल्याच्या लोकांना अमरावतीचं आणि अमरावतीच्या लोकांना अकोल्याचं कळायचा हाच रस्ता. बाईंच्या मनात काळंबेरं कधीच नव्हतं. देवापाशी गोष्ट अर्धी सांगावी, हेच त्यांना पटत नसे.

त्या ईस्टरला शमुवेल एकटाच आला होता. खीर खाऊन निघताना फाटकाशी थांबला. “मम्मी, एक सांगतो. कृपाला तिसरा लागलाय. कोणाला सांगू नको. तिच्या मम्मीलापण तिनं अजून सांगितलं नाही.”

“मी कावून सांगू कोणाले?” बाई म्हणाल्या.

रविवार त्यांनी कसाबसा काढला. घरातली सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सोमवारी संध्याकाळी वाचन झालं, आणि पाळक उमाळे म्हणाले, “सलोमीबाई, प्रार्थना कराल?”

“हे दयाळू स्वर्गीय पित्या,” बाई सुरू झाल्या, हातात फोन, पाय ओट्याकडून दाराकडे, “आमच्या कृपाला सांभाळ. तुला तर माहीतच आहे, प्रभू, की तिला तिसरा महिना आहे, आणि मागच्या वेळी काय झालं तेही तुला माहीत आहे...”

तेवढ्यात मूर्तिजापूरहून एक आवाज आला. “कोणाला? आमच्या कृपाला?”

ती विहीणबाई होती. कृपाची आई.

“म्यूट करा, म्यूट!” चारपाच जण एकदम ओरडले. कोणी कोणाला म्यूट करायचं ते कोणालाच कळलं नाही. बाईंनी मात्र आमेन म्हणून प्रार्थना पुरी केली. अर्धी सोडायची त्यांना सवय नव्हती.

रात्री जेवायच्या आत कृपा त्या ग्रुपातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शमुवेलने उचलला.

“मम्मी, आता येऊ नको इकडे. काही दिवस.”

“काही दिवस म्हणजे किती?”

“ती सांगेल तेव्हा.”

“अन् नाही सांगितलं तर? बाळंतपणाले कोण येईन मंग? तिची माय? तिच्या मायले रक्त पाहिलं की चक्कर येते!”

“मम्मी, तू पाच मिनिटं शांत बसशील का?”

हेच तर नव्हतं होत. बाईंना सगळं करता येतं. शंभर मुलींचा स्वयंपाक सांगता येतो, तापात रात्र काढता येते, अधिकाऱ्याला दारातून परत पाठवता येतं. नातवंड पोटात असलेल्या सुनेच्या दारात जायला परवानगी नाही, आणि ती केव्हा मिळेल ते माहीत नाही, अशा वेळी घरात काय करायचं असतं, हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पाळक उमाळेंनीही फोन केला. मोठ्या सावधपणे म्हणाले, “प्रार्थना चांगली होती, सलोमीबाई. फक्त थोडी... सविस्तर झाली.”

“मंग देवाले काय थोडक्यात सांगाचं?” बाई म्हणाल्या, आणि त्याच रागात त्यांनी ठरवून टाकलं. पन्नासाव्या दिवसापर्यंत वाचायची पाळी आली तर वाचायचं, पण प्रार्थना मोठ्यानं करायची नाही. तोंडाला कुलूप. मंडळीला वाटलं, दोन दिवस टिकेल. आठवडा टिकलं. लोक बेचैन व्हायला लागले. अकोल्याच्या एका बाईनं पाळकांना फोन करून विचारलंही म्हणतात, की अंभोरेबाईंना बरं नाही का, म्हणजे तिकडचं काहीच कळून नाही राहिलं.

कुलूप तोंडाला होतं, पायाला नव्हतं. रोज सकाळी बाई अकोल्याला जायची पिशवी भरायच्या. सुती लुगड्याचे तुकडे, तुपाची बरणी, डिंक. संध्याकाळी ती रिकामी करायच्या. मधल्या वेळात कुरड्या आणि मुगवड्या. कृपाला मुगवड्यांची भाजी आवडते म्हणून बाईंनी इतक्या घातल्या, की खाट भरली, मग दुसरी खाट गोदाबाईंकडून मागून आणली.

गोदाबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. चांदूर रेल्वेकडच्या शेतकरी घरातली, नातवाच्या शाळेसाठी मुलाकडे अमरावतीला राहते. तिच्या जिभेला हाड नाही आणि तिला त्याचं दुःखही नाही.

“काय मॅट्रनबाई, बोर्डिंग उघडून राहिल्या का पुन्हा? एवढ्या वड्या खाईन कोण?”

“माही सून खाईन.”

“बरं. मले वाटलं वीस घरं खातीन.”

बाईंनी रागानं मूग असा वाटला की पाटा वाजायला लागला. गोदाबाईला तेवढ्यावर भागत नसे. एका दुपारी तिनं भिंतीवरून हाक मारली, “मॅट्रनबाई! धावा! सून आली!” बाई हात पिठाचे, पदर खोचलेला, तशा फाटकाकडे धावल्या. बाहेर गॅस सिलिंडरवाला उभा होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि बाई पुन्हा धावल्या. या वेळी भंगारवाला. त्यानं बाईंकडे पाहून विचारलं, “काय हाय का जुनं?”

“ते भिंतीपलीकडं एक हाय,” बाई म्हणाल्या, “ते घेऊन जा.”

गोदाबाई पलीकडे पोट धरून हसत होती. पण दोन्ही वेळा तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिली होती, आणि दुसऱ्या वेळेनंतर तिनं ती थट्टा बंद केली.

एका संध्याकाळी वाचायची पाळी बाईंवर आली. उतारा येशूच्या शिष्याचा, पेत्राच्या तुरुंगाचा. पेत्राला साखळदंड घालून ठेवलंय, सणानंतर मारणार आहेत, आणि इकडे एका घरात सगळे जमून त्याच्यासाठी प्रार्थना करताहेत. देवदूत त्याला सोडवतो. पेत्र त्याच घराशी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची पोरगी दाराशी येते, आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत पळते सांगायला. आतले म्हणतात, तुला वेड लागलंय. बिचारा पेत्र बाहेर दार वाजवतोच आहे.

बाईंनी वाचलं, फोन ठेवला आणि भिंतीशी जाऊन सगळं गोदाबाईला ऐकवलं, कारण प्रार्थनेचं तोंड बंद होतं, बाकीचं नव्हतं.

“असली कशी येडी पोट्टी!” बाई म्हणाल्या. “माह्या बोर्डिंगात असती तर तिले मी त्याच दाराशी उभी केली असती.”

गोदाबाई कुरड्या उलटत होती. “ते पोट्टीचं जाऊ द्या. लहान होती ती. पण आतले लोकं त्याच्यासाठीच प्रार्थना करून राहिले होते ना जी? मंग तो आला म्हनल्यावर त्याईले खरं काहून नाही वाटलं?”

“वाऱ्यानं उडून राहिल्या तुमच्या कुरड्या,” एवढंच म्हणून बाई आत गेल्या.

मे उजाडला. अंगणातली फरशी अनवाणी पायाला सोसेना. एका सकाळी बाईंनी पिशवी भरली आणि खांद्याला लावून सरळ बडनेऱ्याला गेल्या. पॅसेंजरचं अकोल्याचं तिकीट काढलं. डब्यात जागा होती, तरी दाराजवळ उभ्या. मनात वाक्यं जुळवून राहिल्या होत्या. ‘बेटा, मी कोणालेच नाही, देवालेच...’ वाक्य तिथंच अडायचं. मूर्तिजापूरला गाडी थांबली. बाई पाण्याची बाटली भरायला म्हणून उतरल्या, खांद्यावर पिशवी. नळाला पाणी बारीक होतं. पलीकडे बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या रुळांवर शेळ्या बसल्या होत्या, त्यांच्याकडे बाई पाहत राहिल्या. गाडी सुटली. बाई फलाटावरच. मुद्दाम की चुकून, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

मग विहीणबाईंचं दार वाजवण्याशिवाय इलाज नव्हता.

“या,” विहीणबाई म्हणाल्या. “बसा. फोन दाखवा.”

“अं?”

“फोन. चालू हाय का बंद, ते पाहू द्या आधी.”

बाईंनी फोन पुढे केला. विहीणबाईंनी तो स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला, आणि मगच पाणी दिलं.

“मी कोणालेच सांगितलं नाही वो,” बाईंनी सुरू केलं. “मी देवालेच...”

“देवानं मले फोन नाही केला,” विहीणबाई म्हणाल्या. “वीस घरांनी केला.”

बाई बसल्याच नव्हत्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

“बसा जराशा. मले चक्कर येते तुमच्याकडं पाहून.” विहीणबाईंनी कपात चहा ओतला. “मीबी रुसली होती. म्हटलं, पोटची पोरगी अन् मायले सांगत नाही. मंग तिनं सांगितलं मले. मागच्या वर्षी पोट रिकामं झालं, ती दवाखान्यातून घरी आली, अन् एकेकीचे फोन सुरू. ‘कसं चाललं बेटा? कितवा लागला?’ त्याईले बिचाऱ्याईले काय ठाऊक! एकेकीले तिनंच सांगितलं, की नाही राहिलं म्हणून. वीस डाव सांगितलं. म्हणून या खेपेले तिनं ठरवलं होतं, कोणाचं अभिनंदनच घ्यायचं नाही. घेतलं की ते वापस करा लागते, म्हणते.”

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

“मागच्या वर्षी...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मागच्या वर्षी त्या वीस घरांना कोणी सांगितलं होतं, ते विहीणबाईंनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. मागच्या वर्षी पण ‘तुला तर माहीतच आहे, प्रभू’ बाईंनीच म्हटलं होतं. पोरीनं तेव्हा ते बोलूनही दाखवलं नव्हतं.

निघताना बाईंनी पिशवीतला मुगवड्यांचा डबा काढला. “तिच्यापर्यंत पोचवा. माह्या म्हणून सांगू नका.”

“मंग काय मी केल्या म्हणू? माह्या वड्या अशा वाकड्या नसतात.” विहीणबाईंनी डबा घेतला, आणि फोन आणून बाईंच्या हातात दिला. “तिले हाक मारू नका आता. तिचं तिले येऊ द्या.”

संध्याकाळच्या गाडीनं बाई परत आल्या. त्या दिवसापासून कूलरला काही ऐकायला मिळालं नाही. ‘मी देवालेच सांगितलं’ हे वाक्य बाईंच्या घरातून नाहीसं झालं. पिशवी भरणंही थांबलं, पण पाय थांबले नाहीत. उलट आता हातात काम नसताना त्या फिरायच्या, खोलीतून ओसरीत, ओसरीतून खोलीत, फाटकाची कडी काढून पाहायची आणि लावायची. स्वर्गारोहणाच्या संध्याकाळी पाळकांनी सांगितलं, की प्रभूनं वर जाताना शिष्यांना एकच काम दिलं, शहरात थांबून राहा. बाईंनी फोन कानाशी धरून विचारलं, “किती दिवस, ते नाही सांगितलं का त्यानं?” पण त्या म्यूटवर होत्या, ऐकायला कोणी नव्हतं.

पन्नासावा दिवस तीन-चार संध्याकाळींवर आला होता तेव्हाची गोष्ट. वाचन झालं. पाळक उमाळे स्वतःच प्रार्थना करत होते, आणि त्यांची प्रार्थना म्हणजे अकोल्यापासून सुरू होऊन जगाच्या सगळ्या खंडांतून फिरून परत येणारी. बाईंनी डोळे मिटले होते. फाटकाला कडी, बेल बंद, नियमाप्रमाणे.

“मॅट्रनबाई!” भिंतीवरून गोदाबाई. “अवो, सून आली!”

बाईंनी डोळे न उघडता हात हलवला. जा तिकडे.

“खरंच आली, बाप्पा! फाटकात उभी हाय!”

बाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. दोन वेळा धावलेल्या पायांना तिसऱ्या वेळी लाज वाटते. सिलिंडर संपला नव्हता, म्हणजे या वेळी बहुतेक भाजीवाला असणार. पाळक आफ्रिकेत पोचले होते.

“अवो, दार वाजवून नाही राहिली ती! बॅग घेऊन गुपचूप उभी हाय. म्या म्हटलं, वाजव ना, तर म्हणते, आमेन होऊ द्या!”

बाईंचा हात हवेतच थांबला.

“माह्या नातवाची शपथ, मॅट्रनबाई!”

गोदाबाई देवाची शपथ दिवसातून दहा वेळा घेते. नातवाची कधीच घेत नाही. आणि ‘आमेन होऊ द्या’ हे शब्द तिला सुचणारेच नव्हते.

बाईंनी डोळे उघडले. फोनकडे पाहिलं. पाळक आता पूर्वेकडच्या देशांसाठी मागत होते, आमेन अजून बरंच लांब होतं. बोर्डिंगातल्या शेकडो पोरी ओसरीवर उभ्या राहिल्या होत्या या शब्दासाठी. बाईंनी लाल बटण दाबलं. फोन बंद. वीसेक घरांच्या फोनवर दिसलं, अंभोरेबाई गेल्या.

फाटकाची कडी निघता निघेना. बाहेर कृपा उभी होती, ओढणी डोक्यावर घेतलेली, चेहरा उन्हानं लाल, हातात बॅग आणि मुगवड्यांचा रिकामा डबा.

“आमेन झालं?” तिनं विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “आत ये.”

कृपानं एकदा बाईंच्या हातातल्या फोनकडे आणि एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत आली. कूलरसमोर खाटेवर बसली, पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. बाई समोर उभ्या. तुपाचं काय, पन्ह्याचं काय, जेवली का, एवढ्या उन्हात एकटी कशी आली, शमुवेलनं येऊ कसं दिलं, सगळे प्रश्न ओठांशी येऊन परत जात होते.

“चुकलं माह्यं,” शेवटी त्या म्हणाल्या. “या वर्षीचं, अन् मागच्या वर्षीचंबी.”

कृपानं मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मागच्या वर्षीचं आमच्या मम्मीनं सांगितलं का तुम्हाला?”

“फोनचं सांगितलं. ते कोणामुळं आले, ते मलेच समजलं.”

“हं.” मग ती म्हणाली, “तुम्हाला एक सांगायला आले. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या फोनचा मला भरोसा नाही.”

बाईंनी फोन उचलला, आत गेल्या आणि पिठाच्या डब्यावर ठेवून आल्या.

कृपाला हसू आलं. खूप दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. “परवा सकाळी पोळ्या लाटत होते. आणि इथे,” तिनं पोटावर हात ठेवला, “मासोळी वळल्यासारखं झालं. आधी वाटलं गॅस असेल. मग पुन्हा झालं. मागच्या वेळी इथपर्यंत आपण आलोच नव्हतो ना, मम्मी. शमुवेलला सांगितलं. आमच्या मम्मीला अजून नाही, ती रडेल. म्हटलं, या वेळी पहिले तुम्हाला सांगावं. पण मी सांगणार. माझ्या तोंडानं.”

बाई खाटेवर बसल्या. गल्लीतल्या कोणी पाहिलं नाही, नाहीतर लोक डॉक्टरला बोलावायला धावले असते. कृपानं त्यांचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. बाहेरून इतक्यात काही लागत नसतं, हे मॅट्रनबाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी हात काढला नाही. बाहेर अंधारून आलं, कूलरमधलं पाणी संपून तो नुसता गरम वारा फेकायला लागला, तरी बाई पाणी घालायला उठल्या नाहीत.

“कोणाला सांगायचं नाही,” कृपा म्हणाली.

“नाही.”

“कोणालाच नाही.”

बाईंनी मान हलवली. पण कोणालाच म्हणजे नेमकं कोणाकोणाला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उभा राहिलेला कृपाला दिसला असावा.

“त्याला सांगा,” ती म्हणाली. “पण हळू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचन झालं. आदल्या दिवशी अंभोरेबाई आमेनआधीच गेल्या, अशी त्यांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट घडली होती. शिवाय गोदाबाईनं गल्लीत आणि गल्लीनं मंडळीत पोचवलं होतं, की अकोल्याची सून बॅग घेऊन आली आहे. वीस घरांना झोप नव्हती. पाळक उमाळेंनाही नसावी, कारण दोन शब्द त्यांनी खरोखरच दोन शब्दांत उरकले.

“सलोमीबाई,” ते म्हणाले, “आज तुम्ही प्रार्थना कराल का?”

बाईंनी खाटेवर शेजारी बसलेल्या कृपाकडे पाहिलं. तिच्या हातात आंब्याची कोय होती. तिनं ती वाटीत ठेवली आणि नुसतं पाहत राहिली, हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. बाईंनी म्यूट काढलं. दाविदभाऊंच्या घरचा टीव्ही बंद झालेला फोनवर ऐकू आला. भिंतीपलीकडे कुरड्यांची खसखस थांबली.

“हे दयाळू स्वर्गीय पित्या,” बाई म्हणाल्या, “तुझ्या प्रिय पुत्राला तू मेलेल्यांतून उठवलंस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आणि आमच्या या घराविषयी...”

इथे त्यांच्या पायाचा अंगठा फरशीवर घासायला लागला. सगळं तोंडापाशी येऊन उभं होतं, मासोळी, पोळ्या, परवाची सकाळ, सगळं.

“तुला तर माहीतच आहे, प्रभू.”

वीस घरं पुढचं ऐकायला थांबली.

“आमेन,” बाई म्हणाल्या, आणि फोन पालथा ठेवला.

कृपानं वाटीतली कोय पुन्हा उचलली.

भिंतीवरून गोदाबाईचं डोकं वर आलं. “एवढीच?”

“एवढीच.”

“अवो, अन् पुढचं?”

“पुढचं त्याले माहीत हाय,” बाई उठत म्हणाल्या. “तुमी कुरड्या उचला. वावटळ येऊन राहिली.”